चार वाजताची वाटी

आत्याच्या हाताला गुण आहे, असं डेअरीत सगळे म्हणत, आणि आत्याचंही याबाबत दुमत नव्हतं. बावीस वर्षं ती विरजण सांभाळत होती. तापवलेलं दूध कोमट झालं की ती टाकीच्या पत्र्याला तळहात लावायची, मग तापमानाचा काटा बघायची, आणि काटा निमूटपणे तळहाताचंच म्हणणं सांगायचा. विरजण घालायचं, झाकण लावायचं, आणि मग टाकीला धक्का लागू द्यायचा नाही. साहेब आला तरी आत्या त्याला दारातूनच परत पाठवायची. "तुमच्या बुटांनी दही हलतं," म्हणायची, आणि साहेब खरंच परत जायचा.

बावीस वर्षांत तिची टाकी चारदा फसली. चारही वेळा खोट दुधात निघाली. कुणीतरी आजारी गाईला अँटिबायोटिक टोचलं होतं आणि तिचं दूध तसंच पाठवून दिलं होतं. असल्या दुधात विरजण मरतं. दहा तास ठेवा, नाहीतर वीस तास. दही लागत नाही. मग सगळं ओतून द्यायचं, टाकी उकळत्या पाण्यानं धुवायची आणि ताज्या दुधाला दुप्पट जोमदार विरजण लावायचं. ही एक गोष्ट आत्याला डॉक्टरांपेक्षाही जास्त कळत होती, निदान तिला तसं वाटत होतं. ती तिला ठाऊक नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मुंगी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची मुलगी, सहा वर्षांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून मुंगी. तिसऱ्या दिवशी तिच्या आतड्याला पीळ पडला आणि काळं पडलेलं सगळं आतडं डॉक्टरांनी कापून टाकलं. उरलं ते जेमतेम हातभर. तेवढ्यावर पोर जगली, चालायला लागली, शाळेत गेली, आणि त्यात आत्याचा वाटा मोठा होता हे कुणी नाकारणार नाही. भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात प्यायचा. मुंगीची आई चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासायची. आत्याला ना नवरा ना पोर. भावाच्या घराखालीच, खालच्या मजल्यावर, तिची खोली. मुंगीच्या नळ्या, पिशव्या, ड्रेसिंग हे सगळं तीच शिकली. मुंगी तीन वर्षांची झाली तेव्हा भावानं दारू सोडली. एका दिवसात सोडली, आणि पुढची तीन वर्षं बाटलीला शिवला नाही.

यंदा मुंगीचं पोट फुगू लागलं. दोन घास खाल्ले की नगारा व्हायचा. वजन घटलं, दिवसातून सहा-सहा वेळा संडास, आणि त्याचा वास असा की शाळेच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली. पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पिशवीत फुंकायला लावून श्वास तपासला आणि सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "जंतू प्रत्येकाच्या पोटात असतात. पण त्यांची जागा खाली, मोठ्या आतड्यात. हिचे वर चढून लहान आतड्यात बसलेत आणि माजलेत. हिनं खाल्लेलं हिच्याआधी तेच खातात."

उपचार असा ठरला: दर महिन्याला एक आठवडा अँटिबायोटिक, तीन आठवडे सुट्टी. साखर बंद, गोड रस बंद, पांढरा पाव बंद. अंडं, मासा, मटण चालेल. मुंगीच्या आईनं यादी करून फ्रिजवर चिकटवली आणि एक वही सुरू केली. काचेवरचा केसाएवढा ओरखडा शोधणारी बाई ती. मुंगीच्या तोंडात गेलेला घास न घास त्या वहीत उतरू लागला.

औषध कडू होतं. आई मुंगीचं नाक दाबून ते पाजायची. आठवडा संपला तेव्हा पोट उतरलं होतं, पण पोरीच्या तोंडात फोड आले होते आणि चेहरा धुवून वाळत घातलेल्या कपड्यासारखा झाला होता. आत्याचा जीव तुटला. तिला कारणही लगेच समजलं. औषधानं वाईट जंतू मेले तसे चांगलेही मेले. टाकी धुऊन झाली. आता नको का विरजण लावायला? डॉक्टरीणबाई पुस्तकं वाचून आलेल्या. त्यांनी उभ्या जन्मात कधी टाकीला हात लावला होता?

दुसऱ्या दिवशी तिनं डेअरीतून आपलं सगळ्यात जोमदार दही बरणीत भरून आणलं. ती दुपारी मुंगीला शाळेतून आणायची, पाचपर्यंत आपल्या खोलीत ठेवायची, मग भाऊ कामावरून यायचा आणि लेकीला वर न्यायचा. चार वाजता तिनं मुंगीपुढे वाटी ठेवली. मुंगीनं चमचाभर चाखून तोंड वाकडं केलं.

"आंबट्ट!"

"थांब, आत्याकडे इलाज आहे," आत्या म्हणाली आणि तिनं दोन चमचे साखर घातली. यादी तिला पाठ होती. पण मुंगीला साखर नको म्हणायचं म्हणजे अतिच झालं, आणि दोन चमच्यांनी कुणाचं काय बिघडलंय!

मुंगीनं वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली. फार दिवसांनी पोर पोटभर हसली. "आईला सांगायचं नाही ना?" तिनं आपणहूनच विचारलं.

"वहीत जागा नाही गं," आत्या म्हणाली, आणि दोघी हसल्या.

तीन आठवड्यांत पोट पुन्हा फुगलं. आईनं वही काढली, डॉक्टरीणबाईंनी दुसरं औषध दिलं, आठवडाभर पुन्हा नाक दाबणं झालं. पोर आणखी वाळली. आत्यानं ताडलं की विरजण कमी पडतंय. तिनं वाटी मोठी घेतली, आणि साखर चार चमचे केली.

त्यानंतर दहाएक दिवसांनी मुंगीची आई सातला घरी आली तर मुंगी भिंतीला धरून चालत होती. पाय एकात एक अडकत होते. जीभ जड झाली होती. आईनं हाक मारली तर ती भिंतीकडे बघून हसली, आणि उचलायला गेली तर तिनं आईच्या तोंडावर चापट मारली. भाऊ लेकीच्या कपाळाला हात लावून बघत होता. "ताप नाहीये," तो म्हणाला. "मघापासून अशीच करतेय. मला काही कळत नाही."

मुंगीच्या आईला मात्र कळलं. असं चालणारा माणूस तिनं लग्नानंतर वर्षानुवर्षं पाहिला होता. तिनं मुंगीचं तोंड हुंगलं. आंबूस वास आला. ती काही न बोलता उठली आणि तिनं घर उपसायला घेतलं. दुधानं तोंड पोळलेली बाई ती, ताकही फुंकून प्यायची. या घरात बाटली कुठं कुठं लपते ते तिला माहीत होतं. हत्यारांच्या जुन्या पेटीत, तारांच्या भेंडोळ्याखाली, धूळ खात पडलेली एक बाटली निघाली. अर्धी रिकामी.

"माझीच आहे," भाऊ म्हणाला. "जुनी आहे गं. विसरूनच गेलो होतो. शपथ."

"अर्धी कुणी प्याली?"

भावानं बाटली उचलून उजेडात धरली. तीन वर्षांपूर्वीची अर्धी बाटली कोण लक्षात ठेवतो?

आरडाओरडा ऐकून आत्या वर आली. मुंगी तोवर झोपली होती. निवाडा करायला घरात मोठं माणूस एकच, आणि आत्यानं तो केला. बाटलीकडे एकदा बघितलं, भावाकडे एकदा बघितलं. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही," ती म्हणाली. "पोटच्या पोरीच्या हाताला लागेल अशी ठेवतोस? हातभर आतड्यावर जगतेय ती! ऊठ. चालता हो."

"ताई, तू तरी..."

"मला ताई म्हणू नकोस."

तो गेला. लिफ्टच्या वर्कशॉपमध्ये एका बाकावर झोपू लागला. सकाळी मुंगी ठणठणीत उठली आणि बाबा कुठं गेले म्हणून विचारू लागली.

आता पाचऐवजी सातपर्यंत मुंगी आत्याकडेच असायची. आठवड्यात पुन्हा तसाच प्रकार झाला: तीच जड जीभ, तेच अडखळणारे पाय. आत्याला क्षणभर चरकल्यासारखं झालं. घरात ना भाऊ, ना बाटली. पण मनाला पटवायचंच म्हटलं की कारण सापडतं. तिनं ठरवलं की तो शाळेच्या फाटकापाशी चोरून भेटत असणार, खाऊच्या नावाखाली काहीबाही देत असणार. मुंगीच्या आईला तिनं तसं सांगितलंही. आणि पोरीच्या पोटाला हे असलं सोसत नाही म्हणून चार वाजताची वाटी तिनं काठोकाठ भरली.

तिसऱ्या खेपेला मुंगी उठलीच नाही. धापा टाकत होती, पळून आल्यासारखी, आणि डोळे अर्धवट उघडे. आत्या तिला खांद्यावर टाकून जिने उतरली, तिनं गाडी थांबवली, दवाखाना गाठला. वाटेत तिनं भावाला इतके शिव्याशाप दिले की गाडीवाल्यानं मागे वळून पाहिलं.

डॉक्टरीणबाई रक्ताचे कागद घेऊन आल्या तेव्हा मुंगीची आईही पोचली होती. मुंगीला सलाईन लावलं होतं.

"हिला दारू देतात असं तुमचं म्हणणं आहे," बाई म्हणाल्या. "रक्तात दारूचा थेंबही नाही. पण आम्ल आहे, भयंकर. नेहमीच्या तपासणीत सापडत नाही असं. दुसरा नमुना बाहेर पाठवलाय, पण माझी जवळपास खात्री आहे. पोटातले माजलेले जंतू गोड खाऊन हे आम्ल बनवतात. ते डोक्यात गेलं की माणूस झिंगल्यासारखं करतं. असं काही गोड गेलंय का पोटात? किंवा दही, पोटासाठी म्हणून मिळणाऱ्या चांगल्या जंतूंच्या गोळ्या? लोक हौसेनं देतात. दह्यातले काही जंतू नेमकं हेच आम्ल बनवतात. हिच्यासारख्याला ते विष."

"काही नाही," मुंगीची आई म्हणाली आणि तिनं वही पुढे केली.

डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली. "इतकी चोख वही मी आजवर पाहिली नाही," त्या म्हणाल्या. मग आत्याकडे वळल्या. "दुपारी तुमच्याकडे असते ना? वहीत आहे तेवढंच खाते?"

आत्याच्या पिशवीत बरणी होती. उद्यासाठी भरलेली. तिला पिशवीचं वजन एकदम जाणवलं.

"तेवढंच," ती म्हणाली.

"मग औषधं हरली म्हणायची. पथ्य इतकं कडक असून असं होतंय, तर फुगलेलं आतडं कापून निमुळतं करावं लागेल. आधीच ते हातभर आहे. टाके धरले नाहीत तर..." बाईंनी वाक्य पुरं केलं नाही. "तब्येत सावरली तर परवा सकाळी करू."

मुंगीची आई बाकावर बसली. मग म्हणाली, "ताई, त्यांनी काही केलंच नव्हतं हो. मी त्यांना घराबाहेर काढलं."

आपण काढलं, असं आत्यानं म्हणायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात दुसरंच चालू होतं. वाटी बंद केली की झालं. कुणाला काही सांगायची गरजच काय? मुंगी आपोआप सुधारेल, सुधारली की डॉक्टर ऑपरेशन रद्द करतील, भाऊ घरी येईल आणि आपली चार वाजताची जागा आपल्यापाशी राहील. खोटं बोलणाऱ्या माणसाला सगळं किती सरळ दिसतं! तिनं बरणी दवाखान्याच्या मोरीत रिकामी केली आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला.

आणि मुंगी सुधारलीही. पोटात काही न घालता नुसतं सलाईन आणि औषध. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीला टेकून बसली आणि आत्याकडे बघून हसली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मान हलवली. "छान. ऑपरेशनला तयार आहे. उद्या सकाळी आठला."

हा हिशेब आत्यानं धरलाच नव्हता.

मुंगीची आई तिला जिन्यापाशी घेऊन गेली. "ताई, त्यांना जाऊन सांगा. मला त्यांच्यासमोर उभं राहायला तोंड नाही. उद्या त्यांनी लेकीजवळ असायला हवं."

दुपारची वेळ. वर्कशॉपमध्ये दोन कारागीर एका मोटारीवर वाकले होते. त्यांनी आत्याला बघून मागच्या दाराकडे बोट दाखवलं, आणि एकानं नजर खाली घातली. मागे, मोडक्या लिफ्टच्या सांगाड्यात, भाऊ बसला होता. तिला बघून उठला. भिंतीला धरून चालत आला. पाय एकात एक अडकत होते.

आत्याला दारूचा वास दुरूनच आला. याला मात्र चुकायला जागा नव्हती.

"तिच्या रक्तात दारू नव्हती रे," ती म्हणाली. "तू काही केलं नव्हतंस."

त्याला ते पटकन कळलं नाही. कळलं तेव्हा तो हसला, आणि तेही वाकडंच. "मीच केलं असेल गं. खूप आठवून बघितलं. अर्धी बाटली कधी प्यालो, आठवेचना. म्हटलं, आठवत नाही म्हणजे मीच. ताई म्हणाली म्हणजे मीच. तू काय, कधी चुकत नाहीस." तो सांगाड्याच्या जाळीला टेकला. "मग म्हटलं, केलंच आहे तर पिऊन तरी घेऊ."

"कधीपासून?"

"तू शाळेच्या फाटकाचं सांगितलंस ना मुंगीच्या आईला. ती इथं येऊन बोलून गेली. त्या दिवसापासून."

चोर सोडून संन्याशाला सुळी, हे आत्या जन्मभर दुसऱ्यांच्या भानगडींबद्दल म्हणत आली होती. तिथं उभ्या उभ्या तिला ते आठवलं. तिनं भावाला हाताला धरून बाकावर निजवलं, डोक्याखाली त्याचा डगला दिला, आणि बस न मिळाल्यामुळे दवाखान्यापर्यंत चालत गेली. चालताना ती रडत होती आणि लोक बघत होते, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मुंगीची आई ऑपरेशनच्या कागदावर सही करत होती. आत्या दार न ठोठावताच आत शिरली.

"सही करू नकोस," ती म्हणाली. "दही मी देत होते. साखर घालून. रोज चार वाजता."

मग ती बोलतच सुटली: टाकीचं, अँटिबायोटिकच्या दुधाचं, धुतलेल्या टाकीला दुप्पट विरजण लावायचं. ते सगळं तिथं, त्या पांढऱ्या खोलीत, वेड्यासारखं वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनी मधे तोडलं नाही. शेवटी त्यांनी तो कागद पुढ्यात ओढला आणि मधोमध फाडला. "तुम्ही काल सांगितलं असतं तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाल्या, आणि उठून वॉर्डात फोन करायला गेल्या.

मुंगीची आई ओरडली असती तर आत्याला सोसलं असतं. तिनं वही उघडली.

"वाटी केवढी?"

"आधी लहान. मग मोठी."

"साखर?"

"दोन चमचे. मग चार. शेवटी... मोजली नाही."

"कोणत्या तारखेपासून?"

आत्यानं सांगितलं. आईनं सगळं लिहून घेतलं, नेहमीच्या बारीक सरळ अक्षरात, त्या त्या दिवसाच्या पानावर. मग पेन बंद केलं. "ताई, तुम्ही जा आता."

आत्या गेली. तीन आठवडे ती वरच्या मजल्यावर फिरकली नाही. मुंगी घरी आल्याचं तिला छतावरच्या पावलांवरून कळलं. धावणारी पावलं होती ती, न अडखळणारी. ती काम सोडून ऐकत बसायची. दुपारी मुंगीला आणायला शेजारची एक शिवणकाम करणारी बाई जाऊ लागली. डेअरीत आत्याची टाकी रोज नेमकी लागत होती, आणि दह्याचा वास नाकात गेला की ती झाकण लावून बाहेर जायची. तिनं बाटल्या धुण्याचं काम मागून घेतलं. साहेबाला काही समजेना.

एके संध्याकाळी ती आपल्यापाशी असलेली भावाच्या घराची किल्ली परत द्यायला वर गेली. मुंगीच्या आईनं दार उघडलं आणि ते अर्धंच धरून ठेवलं.

"तो कसा आहे?" आत्यानं विचारलं.

"आज नववा दिवस आहे म्हणे. न पिता." ती किल्ली घेऊन म्हणाली, "आधी तीन वर्षं होती."

"घरी कधी..."

"नऊ दिवसांवर पोर नाही सोपवायची मी. कुणावरच नाही."

तेवढ्यात आईच्या हाताखालून मुंगीनं डोकं बाहेर काढलं. गाल भरले होते. पोट सपाट. "आत्या! तू येत का नाहीस? बघ, मी सगळं लिहायला शिकले!" तिनं दार आणखी ढकललं आणि फ्रिजकडे बोट दाखवलं.

यादी नवी होती. वर आईचं बारीक सरळ अक्षर: साखर, गोड रस, पांढरा पाव, दही. त्याच्याखाली पेन्सिलीनं, मोठ्या, एकमेकांवर चढलेल्या अक्षरांत आणखी एक ओळ होती. आत्याला ती दारातूनच वाचता आली.

"डॉक्टरबाई म्हणाल्या, तुझ्या पोटाला काय काय नको ते तू स्वतः लिही," मुंगी म्हणाली. "मग आईनं सांगितलं ते मी लिहिलं. बरोबर लिहिलंय ना मी 'आत्या'?"

मुंगीच्या आईनं मान खाली घातली. पण तिनं काही खोडून काढलं नाही.

"बरोबर लिहिलंय, मुंगे," आत्या म्हणाली, आणि जिना उतरू लागली.